बाण कुठून कुठे?

दरवर्षी बी.एड.ची नवी तुकडी आली की विज्ञान मेथडच्या पहिल्या तासाला मी एक चित्र काढायला सांगते. एक माणूस उभा आहे आणि दुसऱ्यानं त्याच्या कपाळासमोर ताप मोजायची ती गन धरली आहे. कोरोनाच्या काळात बँकेच्या दारात, दवाखान्यात, लग्नाच्या मांडवाच्या तोंडाशी आपण सगळ्यांनी पाहिलेली. चित्र साधंच हवं. फक्त किरण कुठून कुठे जातात ते बाणानं दाखवायचं.

जवळजवळ सगळे बाण गनमधून निघतात आणि कपाळात घुसतात. एका मुलानं तर कपाळाच्या आत मेंदूही काढला होता आणि बाण थेट तिथपर्यंत नेला होता. प्राणिशास्त्रात एम.एस्सी. झालेला मुलगा, मेंदूचं चित्र अगदी नेटकं. मी विचारलं तेव्हा म्हणाला, “मॅडम, म्हणून तर आम्ही कपाळ देत नव्हतो, मनगट पुढे करायचो.” वर्गात सगळ्यांनी माना डोलावल्या. सगळ्यांनीच मनगट पुढे केलं होतं.

खरं तर बाण उलटा आहे. ती गन काहीही सोडत नाही. सोडतं ते आपलं कपाळ. अंगात जी ऊब आहे तिच्यामुळे आपली कातडी अखंड अवरक्त किरण बाहेर टाकत असते. त्यांची तरंगलांबी साधारण १० मायक्रोमीटर, म्हणून ते डोळ्यांना दिसत नाहीत. गनच्या तोंडाशी ते किरण टिपणारा संवेदक असतो. किती ऊर्जा आली यावरून तो तापमान सांगतो. काही गनमधून लाल ठिपका पडतो, तो नेम कुठे आहे हे कळावं म्हणून. मोजण्याशी त्याचा संबंध नाही.

हे सांगून झालं की मी म्हणते, “या क्षणी या वर्गातला प्रत्येक जण रेडिएशन सोडतोय. मीसुद्धा.” मग थोडा वेळ कोणी बोलत नाही. हात आपोआप मांडीवरून उचलले जातात, बाकावरचं शेजारच्याचं अंतर किंचित वाढतं. बावीस वर्षं मी भावी शिक्षकांना विज्ञान कसं शिकवायचं ते शिकवते आहे आणि ती शांतता मला दरवर्षी ऐकू येते. रेडिएशन हा शब्द त्यांच्यापर्यंत विज्ञान म्हणून पोचण्याआधी भीती म्हणून पोचलेला आहे.

आमच्याकडे येणारी मुलंमुली बहुतेक शेतकरी घरांतली. निम्म्याहून जास्त जणांची पदवी वनस्पतिशास्त्रात किंवा रसायनशास्त्रात, भौतिकशास्त्र बारावीनंतर किंवा पहिल्या वर्षानंतर सुटलेलं. पण विद्युतचुंबकीय वर्णपट विचारा, पाढ्यासारखा म्हणून दाखवतील: रेडिओ तरंग, सूक्ष्म तरंग, अवरक्त, दृश्य प्रकाश, अतिनील, क्ष-किरण, गॅमा किरण. उलटाही म्हणतील. पाठ्यपुस्तकातला तो सात पट्ट्यांचा तक्ता त्यांना तोंडपाठ आहे. मात्र खिशातला मोबाइल त्या तक्त्यात कुठे बसतो असं विचारलं की बोटं थबकतात. बरीचशी बोटं गॅमा किरणांच्या बाजूला सरकतात.

या तक्त्यात काय चुकतं हे मला कळायला बरीच वर्षं लागली. तो सात वेगवेगळ्या वस्तूंची यादी असल्यासारखा शिकवला जातो. एकच गोष्ट आहे, तरंग आखूड-लांब एवढाच फरक, हे त्यातून मुलांपर्यंत जातच नाही. मीही सुरुवातीला तसाच शिकवला.

ते बदलायला कारणीभूत झाली आठवीतली एक मुलगी. आमची एक छात्राध्यापिका एका शाळेत सराव पाठ घेत होती. पाठ टाचण सुरेख, फळ्यावरचं अक्षर मोत्यासारखं. मी मागच्या बाकावर बसून निरीक्षण लिहीत होते. अणुऊर्जेचे फायदे-तोटे चालले होते आणि बोलता बोलता ती म्हणाली, “असाच किरणोत्सर्ग मोबाइल टॉवरमधूनही होत असतो.” दुसऱ्या बाकावरची मुलगी उभी राहिली. म्हणाली, “बाई, आमच्या घरामागं टॉवर आहे. मग आम्हाला हिरोशिमासारखं होणार का?” छात्राध्यापिका गोंधळली आणि म्हणाली, “म्हणून मोबाइल कमी वापरायचा.” मुलीनं ते वहीत लिहून घेतलं. तास संपेपर्यंत ती खिडकीबाहेर बघत होती.

त्या छात्राध्यापिकेचा दोष काढणं सोपं होतं. पण ‘किरणोत्सर्ग’ हा शब्द तिनं स्वतः तयार केलेला नव्हता. मराठीत या बाबतीत मोठी अडचण होऊन बसली आहे. शाळेत उष्णतेचं संक्रमण शिकवताना आपण वहन, अभिसरण आणि प्रारण म्हणतो. तिथे रेडिएशनला प्रारण हा नेमका, शांत शब्द आहे. युरेनियम-रेडियमसारख्या अस्थिर मूलद्रव्यांच्या गुणधर्माला आपण किरणोत्सारिता म्हणतो. हाही नेमका. पण वर्तमानपत्रं आणि टीव्ही यांच्यात ‘किरणोत्सर्ग’ हा एकच शब्द दोन्हीकडे वापरला जातो. चेर्नोबिलचाही किरणोत्सर्ग आणि टॉवरचाही किरणोत्सर्ग. शब्द एक झाला की वस्तूही एक होते. प्रारण हा शब्द बिचारा सातवी-आठवीच्या उष्णतेच्या धड्यातून पुढे कधी बाहेर पडलाच नाही. चुलीची धग, रिमोट, वायफाय, कोवळं ऊन हे सगळं प्रारण आहे असं कोणी मुलांना सांगत नाही.

आपल्याच मुलांचं असं होतं अशातला भाग नाही. व्हिएन्ना विद्यापीठातल्या सुझॅन न्यूमन आणि मार्टिन हॉप्फ यांनी नववीच्या मुलांच्या मुलाखती घेऊन २०१२ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. तिथेही मुलांच्या मनात ‘रेडिएशन’ म्हणजे काहीतरी घातक आणि माणसानं तयार केलेलं. सूर्यप्रकाश त्यात येतो हे चटकन कोणाच्या ध्यानात येत नाही. भाषा वेगळी, देश वेगळा, बाण मात्र तसाच.

त्या सराव पाठापासून मी तक्ता गुंडाळून ठेवला आणि चिठ्ठ्या काढल्या. जमिनीवर खडूनं एक लांब रेघ ओढायची आणि चिठ्ठ्या तिच्यावर मांडायच्या. रेघेचं एक टोक लांब तरंगांचं, दुसरं आखूड तरंगांचं. चिठ्ठ्यांवर लिहिलेलं असतं: आकाशवाणी, वायफाय, टीव्हीचा रिमोट, चुलीची धग, कोवळं ऊन, बाळ पिवळं पडल्यावर त्याला ज्यात ठेवतात तो निळा प्रकाश, छातीचा एक्स-रे, सोनोग्राफी, अमेरिकेला पाठवलेला हापूस.

सोनोग्राफीची चिठ्ठी हमखास एक्स-रेच्या शेजारी जाते. वर्गातल्या एका मुलीनं, मोठ्या घरातली सून आणि तेव्हा सहा महिन्यांची गरोदर, मला हळूच सांगितलं की सासूबाई सोनोग्राफीला जाऊ देत नाहीत, बाळाला किरण लागतील म्हणतात. सोनोग्राफीत किरण नसतातच. तो आवाज आहे, आपल्या कानाला ऐकू न येणारा. ती चिठ्ठी रेघेवर कुठेच बसत नाही, बाजूला काढून ठेवावी लागते. त्या मुलीनं ती स्वतःच्या हातानं उचलून बाजूला ठेवली. त्या वर्षी त्या एका चिठ्ठीनं इतकं काम केलं, की बाकी सगळा तास वाया गेला असता तरी मला चाललं असतं.

हापूसची चिठ्ठी हा आमच्या भागातला खास विषय. लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्रानं उभारलेलं ‘कृषक’ नावाचं विकिरण केंद्र आहे. २००७ मध्ये अमेरिकेनं भारतीय आंबा पुन्हा घ्यायला सुरुवात केली ती विकिरणाच्या अटीवर, आणि त्या पेट्या लासलगावहून गेल्या. तिथे कोबाल्ट-६० पासून निघणारे गॅमा किरण आंब्यावर सोडतात, म्हणजे फळमाशी आणि कोयीत दडलेली कीड पुढे वाढत नाही. वर्गात प्रश्न ठरलेला: “मग तो आंबा किरणोत्सारी होतो ना?”

होत नाही. मी त्यांना विचारते, हाताला ऊन लागणं आणि हाताला हळद लागणं यात फरक काय? उन्हातून सावलीत आलं की ऊन मागेच राहतं. हळद आपल्याबरोबर येते, जिथे हात लावू तिथे लागते. आंब्याला गॅमा किरण लागतात ते उन्हासारखे. कोबाल्ट आंब्याला शिवतही नाही, आणि त्या किरणांची ऊर्जा आंब्यातल्या अणूंच्या केंद्रकात बदल घडवण्याइतकी नसते. चेर्नोबिलला झालं ते हळदीसारखं होतं. किरणोत्सारी धूळच उडाली, गवतावर बसली, गायीच्या पोटात आणि दुधात गेली. मराठीत दोन्हीला ‘लागणं’ म्हणतात, म्हणून हे उदाहरण मला फार उपयोगी पडतं. एक्स-रे काढून आलेल्या माणसापासून लहान मुलांना दूर ठेवणारी घरं अजून आहेत.

मग येतो खरा प्रश्न, घातक कोण आणि कशानं. इथे थोडं थांबून सांगावंच लागतं. प्रकाश आणि त्याची सगळी भावंडं ऊर्जेच्या छोट्या छोट्या पुड्यांतून येतात. एकेका पुडीला फोटॉन म्हणतात. तरंग जितका आखूड, तितकी पुडी जड. शरीरातल्या रेणूतला इलेक्ट्रॉन उपटून काढायचा, डीएनएची साखळी तोडायची, तर एकेक पुडीच तेवढी जड लागते. अतिनील प्रकाशाच्या वरच्या टोकापासून पुढे, क्ष-किरण आणि गॅमा किरणांत ती ताकद येते. मोबाइलच्या १८०० मेगाहर्ट्झच्या तरंगाची पुडी हिरव्या प्रकाशाच्या पुडीच्या सुमारे तीन लाखाव्या हिश्श्याएवढी आहे. झाडाच्या पानावरून डोळ्यांत येणारा हिरवा रंग त्या मानानं तीन लाख पट जड. वर्गात मी म्हणते, लाखभर चुरमुरे फेकले म्हणून कवठ फुटत नाही, त्याला एक धोंडा लागतो.

पण चुरमुऱ्यांचा ढीग काहीच करत नाही असंही नाही, आणि हे लपवू नये असं मी छात्राध्यापकांना बजावते. रेडिओ तरंगांची तीव्रता खूप वाढली तर ते शरीर तापवतात. मायक्रोवेव्ह ओव्हन त्यावरच चालतो. हुशार मुलं लगेच पकडतात: “मॅडम, ओव्हन २.४५ गिगाहर्ट्झवर आणि वायफाय २.४ गिगाहर्ट्झवर. मग वायफायनं आपण शिजत कसे नाही?” हा प्रश्न कोणी विचारला की माझा तो दिवस चांगला जातो. ओव्हन ८०० वॉट ऊर्जा लोखंडी पेटीत कोंडून ठेवतो. राउटर एक दशांश वॉटच्या आसपास, तीही खोलीभर पसरून. समई आणि वीटभट्टी दोन्हीकडे विस्तवच असतो, तरी कोणी समईजवळ विटा भाजायला नेत नाही.

काही वर्षांपूर्वी एकानं मला फोनवर एक व्हिडिओ दाखवला. टेबलावर मक्याचे दाणे, चहूबाजूंनी तीन-चार मोबाइल, सगळे एकदम वाजतात आणि दाण्यांच्या लाह्या होतात. २००८ साली फिरलेला तो व्हिडिओ ब्लूटूथ हेडसेट विकणाऱ्या एका कंपनीची जाहिरात होती. त्या मुलाला मी उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवशी मक्याचे दाणे आण म्हटलं. चार फोन मांडले, वाजवले, पुन्हा वाजवले. दाणे तसेच. त्यानं ते दाणे चिमटीत धरून बघितले, गार होते. पुढच्या सराव पाठाला त्यानं हाच प्रयोग सातवीच्या वर्गात केला.

बोलून जे होत नाही ते हातानं केल्यावर होतं. रिमोटचं बटण दाबून त्याच्या टोकाकडे डोळ्यांनी पाहिलं तर काही दिसत नाही. मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यातून पाहिलं की पांढरट-जांभळा ठिपका लुकलुकतो. बऱ्याच फोनचा मागचा कॅमेरा अवरक्त किरण गाळून टाकतो, म्हणून पुढचा घ्यावा. एका छात्राध्यापिकेनं रिमोट टीव्हीकडे न धरता भिंतीवरच्या आरशात धरला आणि चॅनल बदलला. आरशातून प्रकाश परततो तसा हाही परतला. तिला कोणी सांगितलं नव्हतं, तिला ते करून बघावंसं वाटलं.

आकाशवाणीचा नाद आमच्या पिढीच्या कानात आहे. ३७८.८ मीटर अर्थात ७९२ किलोहर्ट्झ, ही पुणे केंद्राची उद्घोषणा घराघरात वर्षानुवर्षं ऐकली गेली. हे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ ला सुरू झालं. त्या दोन आकड्यांचा एकमेकांशी काय संबंध, हे मात्र ऐकणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी विचारलं असेल. प्रकाशाचा वेग, सेकंदाला तीन लाख किलोमीटर, त्याला ७९२ हजारांनी भागा. उत्तर येतं ३७८.८ मीटर. म्हणजे त्या केंद्राचा एक तरंग जवळपास चार फुटबॉल मैदानांएवढा लांब. छात्राध्यापक हे गणित फळ्यावर करतात आणि उत्तर जुळलं की वर्गात एकदम चैतन्य येतं. आजोबांच्या रेडिओवरचा आकडा आणि पुस्तकातलं सूत्र एकच निघालं.

माझा सगळ्यात लाडका प्रयोग स्वयंपाकघरातला. मीडियम वेव्ह लागणारा एखादा जुना ट्रान्झिस्टर घ्यायचा, दोन केंद्रांच्या मधल्या रिकाम्या जागी काटा ठेवायचा आणि जवळ गॅसचा लायटर दाबायचा. प्रत्येक ठिणगीला रेडिओ ‘टक्’ करतो. लायटरला वायर नाही, रेडिओ त्याला जोडलेला नाही, तरी निरोप पोचला. १८८७ साली जर्मनीत कार्ल्सरूहला हाइनरिख हर्ट्झनं जे केलं, त्याचं हे घरगुती रूप. त्यानं एका बाजूला ठिणगी पाडली आणि दुसरीकडे तारेच्या कड्यातल्या बारीक फटीत तिचं उत्तर देणारी इवलीशी ठिणगी पाहिली. असे तरंग असले पाहिजेत हे जेम्स क्लार्क मॅक्सवेलनं १८६५ मध्ये निव्वळ गणितातून मांडलं होतं. ते सिद्ध झालेलं पाहायला तो उरला नाही, १८७९ मध्ये गेला.

त्यानंतर थोड्याच वर्षांत कोलकात्यात जगदीशचंद्र बसूंनी हेच तरंग लोकांसमोर वापरून दाखवले. १८९५ मध्ये त्यांनी भिंतीपलीकडची घंटा बिनतारी वाजवली आणि दारूगोळ्याची पूड पेटवली. पुढे त्यांनी अवघ्या काही मिलिमीटर लांबीच्या तरंगांवर काम केलं, ६० गिगाहर्ट्झच्या आसपास. हे मी मुद्दाम सांगते, कारण फाइव्ह-जीचे तरंग म्हणजे कुठून तरी आलेलं नवं भूत असं छात्राध्यापकांना वाटतं. भारतात फाइव्ह-जी सुरू झालं १ ऑक्टोबर २०२२ ला, आणि त्यासाठी लिलावात गेलेल्या पट्ट्यांत सगळ्यात वरची २६ गिगाहर्ट्झची. बसू त्याच्या दुप्पट वारंवारितेवर सव्वाशे वर्षांपूर्वी प्रयोग करत होते.

२०२१ च्या मे महिन्यात, दुसऱ्या लाटेत माणसं पटापट जात होती तेव्हा, ही लाट फाइव्ह-जीच्या चाचण्यांमुळे आली आहे असा निरोप गावोगावच्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरला. दूरसंचार विभागाला जाहीर खुलासा करावा लागला की देशात फाइव्ह-जीच्या चाचण्या अजून सुरूच झालेल्या नाहीत. तो निरोप पुढे पाठवणाऱ्यांत विज्ञान शिकवणारे शिक्षक होते. मला स्वतःला तो माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याकडून आला. तेव्हा मला फार वाईट वाटलं. तो माझ्या वर्गातून उत्तम गुणांनी उत्तीर्ण होऊन गेलेला होता.

दर फेब्रुवारीत आम्ही खोडदला जातो. नारायणगावजवळ, पुण्यापासून सुमारे ८० किलोमीटरवर जीएमआरटी ही महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी ती उभी केली. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. चौदा मध्यभागी, बाकीच्या तीन दिशांना, एकूण सुमारे पंचवीस किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या. २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनाला ती लोकांसाठी उघडते, जिल्ह्याजिल्ह्यांतल्या शाळांची मुलं आपापले प्रयोग घेऊन येतात, मोठी जत्राच भरते.

पहिल्यांदा गेलेल्या छात्राध्यापकांचा प्रश्न ठरलेला: “मॅडम, एवढ्या जवळ उभं राहायचं? इथे किती रेडिएशन असेल?” पुन्हा बाण उलटा. या तबकड्या काही सोडत नाहीत. ताप मोजायची गन कपाळाकडून घेते, तशी ही आकाशाकडून घेते. आकाशगंगेतल्या हायड्रोजनचा २१ सेंटिमीटरचा तरंग, हजारो वर्षांपूर्वी निघालेला, इथे येऊन टिपला जातो. आणि तो इतका क्षीण असतो, की आपल्यालाच फोन बंद करायला सांगतात. चंद्रावर कोणी चालू मोबाइल ठेवला, तर रेडिओ दुर्बिणीला तो आकाशातल्या सगळ्यात तेजस्वी स्रोतांपैकी एक दिसेल. तबकडीपासून आपल्याला भय नाही, आपल्यापासून तिला आहे.

तबकड्यांकडे खालून पाहिलं की आरपार आभाळ दिसतं. तारांची नुसती जाळी आहे, छिद्रं एक-दोन सेंटिमीटरची. “भोकातून तरंग निसटत नाहीत का?” २१ सेंटिमीटरच्या तरंगाला ते भोक दिसतच नाही, तो परततो. ओव्हनच्या दाराच्या काचेत असते ती जाळीही याच कामाची. प्रकाश बाहेर येतो म्हणून पदार्थ दिसतो, आणि १२ सेंटिमीटरचा तरंग आत अडतो. परत आल्यावर वर्गात आम्ही फोन स्टीलच्या डब्यात ठेवून रिंग देतो. सगळ्यांची खात्री असते की वाजणार नाही. बऱ्याचदा वाजतो. झाकणाभोवतीची लांब, अरुंद फट तरंगाला पुरते. मग तोच फोन अ‍ॅल्युमिनियम फॉइलमध्ये घड्या घालून, कुठेही फट न ठेवता गुंडाळला की गप्प होतो. या दोन निकालांमधलं अंतर समजावून घेण्यात जो तास जातो, तो माझ्या मते वर्षातला सगळ्यात मोलाचा.

त्याच फॉइलनं आणखी एक गोष्ट सुटते. बाजारात, जत्रेत फोनला चिकटवायचे ‘अँटी-रेडिएशन’ स्टिकर मिळतात. एका मुलाच्या फोनवर होता, दोनशे रुपयांचा. तरंग अडले तर फोन बंद पडतो हे त्यानं फॉइलमध्ये स्वतः पाहिलं होतं. स्टिकर लावूनही फोन नीट चालतो, म्हणजे तो काहीच अडवत नाही. त्यानं तो वर्गातच काढून टाकला.

आता टॉवर. आठवीतल्या त्या मुलीला काय उत्तर द्यायला हवं होतं, यावर आम्ही दरवर्षी वर्गात बसून विचार करतो. टॉवरच्या अँटेनातून तरंग समोरच्या दिशेला, दूरवर जातात, बॅटरीच्या झोतासारखे. अगदी बुडाशी ते क्षीण असतात, आणि अंतर दुप्पट झालं की तीव्रता चौथाई होते. भारतानं १ सप्टेंबर २०१२ पासून आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश मर्यादा लागू केली. ९०० मेगाहर्ट्झला चौरस मीटरमागे ०.४५ वॉट. भर दुपारचं ऊन चौरस मीटरमागे सुमारे १००० वॉट देतं. दोन्ही शरीरात सारखंच खोल जात नाहीत, म्हणून ही तुलना नुसती तोंडावर फेकायची नाही. पण टॉवरकडून येणारी ऊर्जा किती लहान आहे याचा अंदाज त्यातून येतो.

आणि गावकऱ्यांना सहसा कोणी न सांगणारी गोष्ट म्हणजे, टॉवर लांब गेला की फोन जास्त जोर लावतो. सिग्नल क्षीण असेल तिथे फोन आपली शक्ती वाढवून बोलतो, आणि तो तर थेट कानाला लावलेला असतो. टॉवर हटवून गाव आपल्या कानाशी जास्त तरंग आणतं. ज्याला काळजी वाटते त्यानं वायरचा इअरफोन वापरावा, सिग्नल नसेल तिथे लांबलचक बोलू नये. हा सल्ला देताना शिक्षकाला घाबरवावंही लागत नाही आणि हसावंही लागत नाही.

हसू नये हे मी आवर्जून सांगते. पालकसभेत कोणी उठून म्हणालं की जागतिक आरोग्य संघटनेनंच मोबाइलला कर्करोगकारक म्हटलंय, तर त्या माणसानं काहीतरी वाचलेलं असतं. संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०११ मध्ये रेडिओ तरंगांना ‘२ब’ गटात, म्हणजे ‘कदाचित कर्करोगकारक’ गटात घातलं. पुरावा मर्यादित आहे, पण नाकारता येत नाही, असा त्या गटाचा अर्थ. आशियाई पद्धतीच्या लोणच्याच्या भाज्या त्याच गटात आहेत. २०२४ मध्ये याच संघटनेनं करवून घेतलेला मोठा आढावा प्रसिद्ध झाला. त्यात १९९४ ते २०२२ मधले ६३ अभ्यास तपासले गेले, आणि मोबाइलचा वापर व मेंदूचा कर्करोग यांत संबंध आढळला नाही. शिक्षकाला या दोन्ही गोष्टी माहीत हव्यात, आणि दोन्ही सांगता यायला हव्यात.

मागच्या वर्षी अंतिम पाठ परीक्षेला एका छात्राध्यापिकेनं आठवीचाच वर्ग घेतला. वनस्पतिशास्त्राची पदवीधर, घरी दोन लहान मुलं, रोज एस.टी.नं दीड तास येणारी. तिनं शीर्षक लिहिण्याआधी पिशवीतून ट्रान्झिस्टर आणि लायटर काढून टेबलावर ठेवले. वर्ग एकदम पुढे सरकला. ‘टक्’ झालं तेव्हा एका मुलानं विचारलं, “बाई, हे किरण आपल्याला लागतात का?” ती म्हणाली, “लागतात. उन्हासारखे. आता किती ते मोजू या.” आणि मग तिनं फळ्यावर बाण काढला, लायटरकडून रेडिओकडे, आणि विचारलं, “दूर गेलो तर टक् मोठं होईल की बारीक?” मुलं ट्रान्झिस्टर घेऊन वर्गाच्या कोपऱ्यापर्यंत गेली.

तो ट्रान्झिस्टर तिनं तिच्या सासऱ्यांकडून मागून आणला होता. दुकानात आता असे सहज मिळत नाहीत, एफएमचे मिळतात. तुमच्या घरात माळ्यावर जुना पडून असेल तर भंगारात देऊ नका. मीडियम वेव्ह लागते का तेवढं बघा, नवे सेल घाला आणि जवळच्या शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाईंना किंवा सरांना नेऊन द्या. सोबत गॅसचा एक लायटरही.